चल मार्गाचे कारागीर : वेगनौकांच्या शर्यतीचा व्हिडिओ खेळ आणि त्याच्या निर्मात्यांचे व्यावसायिक जीवन

१. विषयाची व्याप्ती

कोणत्याही व्यवसायाचे अंतरंग समजून घ्यावयाचे असेल, तर त्या व्यवसायातील माणसे ज्या द्रव्यावर काम करतात, त्या द्रव्याचा स्वभाव प्रथम पाहावा लागतो. विणकराच्या दिवसाचा क्रम सूत ठरविते, कुंभाराचा क्रम माती ठरविते. बाजार आणि कायदा यांचा अंमल त्यानंतर सुरू होतो. संगणकावर व्हिडिओ खेळ रचणाऱ्या कारागिरांचा वर्ग गेल्या सुमारे पन्नास वर्षांत उदयास आला. या वर्गाविषयीचे विवेचन बहुधा सरसकट केले जाते. वेतन, कामाचे तास, नोकरीची अनिश्चितता हे प्रश्न सर्वांना समान आहेत, हे खरेच. परंतु निरनिराळ्या प्रकारचे खेळ रचणाऱ्यांच्या हाताखालचे द्रव्य निरनिराळे असते, आणि त्यामुळे त्यांच्या श्रमाचे स्वरूपही बदलते, ही गोष्ट अशा विवेचनात निसटून जाते.

प्रस्तुत लेखात या व्यवसायाची एकच लहान शाखा विचारार्थ घेतली आहे. ती म्हणजे वेगनौकांच्या, अर्थात स्पीडबोटींच्या, शर्यतीचे खेळ रचणाऱ्यांची. ही शाखा संख्येने अल्प आहे. मोटारींच्या शर्यतीचे खेळ विपुल झाले. त्या मानाने पाण्यावरील शर्यतीचे नाव घेण्याजोगे खेळ थोडे आहेत. हे अल्पत्व आकस्मिक नाही. पाणी हे संगणकाला जड जाणारे द्रव्य आहे, आणि ते हाताळण्याचे ज्ञान थोड्या व्यक्तींजवळ साठत जाते. हे ज्ञान व्यक्तीबरोबर एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाते. खेळाचे नाव मात्र करारपत्रांच्या मार्गाने प्रवास करते. या दोन प्रवासांची वाट क्वचितच एक होते. या व्यवसायातील जीवनाचे जे विशेष आढळतात, त्यांतील बरेचसे या विसंगतीतून उद्भवलेले आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल. त्यासाठी प्रथम पाण्याचे गणित, मग त्यातून निर्माण होणारी कामाची पद्धती, आणि शेवटी १९९६ ते २०१६ या कालखंडातील काही प्रत्यक्ष उदाहरणे, असा क्रम ठेवला आहे.

२. मार्ग स्थिर नसल्याचे परिणाम

मोटारीच्या शर्यतीत रस्ता स्थिर असतो. रस्त्याच्या प्रत्येक बिंदूची उंची एकदा ठरविली की ती शर्यतभर बदलत नाही. चाक रस्त्याला कोठे टेकते, एवढेच संगणकास वेळोवेळी विचारावे लागते. पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मात्र स्थळाबरोबर कालावरही अवलंबून असते. एका क्षणी जेथे लाटेचा माथा असतो, तेथे पुढच्या क्षणी खळगा असतो. शिवाय शर्यतीतील नौका या पृष्ठभागावरून केवळ धावत नाही. ती त्यास बदलते. तिच्या मागे उठलेली लाट मागून येणाऱ्या नौकेस उचलते वा हेलकावते. म्हणजे येथे मार्ग हा स्पर्धकांच्या हालचालींचे अंशतः फलित असतो.

ही अडचण सामान्यतः पृष्ठभागाचे तीन थर मानून सोडविली जाते. पहिला थर चित्रकाराने आखलेल्या मूळ उंचीचा. नदी उतारावरून वाहत असेल, मध्येच धबधबा असेल, तर पाण्याची सपाटी सर्वत्र सारखी असू शकत नाही. ती हाताने आखून द्यावी लागते. दुसरा थर मोठ्या लाटांचा. या लाटा सूत्राने काढतात. प्राग येथील गणितज्ञ फ्रान्तिशेक गेर्स्टनर याने १८०२ साली लाटांविषयी जो सिद्धांत मांडला, त्यातील लाटेचा माथा निमुळता आणि खळगा पसरट असतो. साध्या ज्या-वक्रापेक्षा हा आकार समुद्राच्या लाटेस अधिक जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे हे सूत्र दोनशे वर्षांनंतर संगणक-चित्रणात नित्याच्या वापरात आले. २००१ साली जेरी टेसेनडॉर्फ यांनी सागरपृष्ठाच्या चित्रणावर जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत असंख्य लाटांची बेरीज शीघ्र फूरिये रूपांतराने करण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. खेळांच्या निर्मात्यांनीही पुढे तिचा उपयोग केला. तिसरा थर स्थानिक खळबळीचा, म्हणजे नौकांनी उठविलेल्या लाटांचा. तो सूत्राने सांगता येत नाही. कारण नौका कोठे वळेल हे आधी ठाऊक नसते. त्यासाठी नौकेभोवतालच्या पाण्यावर बिंदूंची जाळी कल्पून, प्रत्येक बिंदूची उंची शेजारच्या बिंदूंच्या उंचीवरून क्षणोक्षणी नव्याने काढावी लागते.

या गणिताचा खर्च किती असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाजूस १२८ बिंदू असलेल्या चौरस जाळीत एकूण १६,३८४ बिंदू होतात. दोन बिंदूंतील अंतर अर्धा मीटर धरले, तर ही जाळी ६४ मीटर लांब आणि तितकीच रुंद होते. ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५० मीटर, वेगाने जाणारी नौका ती १.३ सेकंदांत ओलांडून जाईल. म्हणून जाळीलाही नौकेबरोबर सरकत ठेवावे लागते. पडद्यावर सेकंदास ३० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रामागे सुमारे ३३ सहस्रांश सेकंद मिळतात. या अवधीत पाणी, नौका, प्रतिस्पर्धी, ध्वनी आणि चित्रण ही सर्व कामे उरकावी लागतात.

जाळी अधिक बारीक केल्यास पाणी अधिक खरे वाटेल, हे उघड आहे. परंतु येथे एक गणिती बंधन आडवे येते. रिचर्ड कूरंट, कुर्ट फ्रीडरिख्स आणि हान्स लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली असे दाखविले की, अशा प्रत्यक्ष पायरीपायरीने करावयाच्या गणनेत कालाची पायरी अवकाशाच्या पायरीच्या मानाने एका मर्यादेपलीकडे मोठी ठेवली, तर गणना अस्थिर होते. लाटेचा वेग सेकंदास १० मीटर आणि बिंदूंतील अंतर अर्धा मीटर असेल, तर द्विमितीय जाळीच्या नेहमीच्या रीतीत कालाची पायरी सुमारे ०.०३५ सेकंदाहून मोठी चालत नाही. एका चित्रास लागणारा ०.०३३ सेकंदाचा अवधी या मर्यादेत जेमतेम बसतो. बिंदूंतील अंतर निम्मे केले, तर तेवढ्याच क्षेत्रात बिंदू चौपट होतात आणि कालाची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे जाळी दुप्पट बारीक होताच श्रम आठपट होतात. बंधन मोडले, तर पाण्याचा पृष्ठभाग क्षणार्धात भाल्यांसारखा उंच उसळून पडद्याबाहेर जातो. पाण्यावर काम करणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीकाराच्या परिचयाचा हा प्रकार आहे.

नौकेचे तरंगणे हा याच्या पुढचा भाग. नौकेच्या तळावर काही बिंदू निवडून प्रत्येक बिंदू पाण्याखाली किती आहे हे पाहतात, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्या प्रमाणात प्लावक बल लावतात. पुढील बिंदू लाटेच्या माथ्यावर आणि मागील बिंदू खळग्यावर आले की नौका आपोआप नाक वर करते. वेग वाढला की खरी नौका पाण्यात बसण्याऐवजी पाण्यावर घसरू लागते आणि तिचा प्रतिरोध बदलतो. तेही सूत्रात आणावे लागते. हे सर्व जुळून आले म्हणजे खेळणाऱ्यास 'पाणी जाणवते'. ते जुळले नाही, तर नौका मोटारीसारखी भासते, अथवा पाण्यातील बुचासारखी उड्या मारीत राहते.

३. वास्तवाशी करावी लागणारी तडजोड

एवढे गणित झाल्यावर निर्मात्यांचे काम संपते, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. खरे पाणी खेळण्यास योग्य नसते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. ६४ मीटर लांबीची लाट सेकंदास सुमारे १० मीटर वेगाने जाते. २० मीटर लांबीची लाट साडेपाच मीटरांच्या आसपास. समोरून येणाऱ्या २० मीटरांच्या लाटांवर सेकंदास ५० मीटर वेगाची नौका घातली, तर दर ०.३६ सेकंदास एक माथा तिच्या तळावर आदळेल. माणसास दिसलेल्या गोष्टीस हाताने उत्तर द्यावयास लागणारा वेळ याच्या निम्म्याहून अधिक असतो. म्हणजे खेळणाऱ्यास एका लाटेचा विचार करून होतो न होतो तोच दुसरी येते, आणि शर्यतीऐवजी केवळ धक्के उरतात.

प्रत्यक्षातील अतिवेगवान नौकानयन किती धोक्याचे असते, याची साक्ष इतिहासात आहे. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन वॉटर या सरोवरावर वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्या डोनाल्ड कॅम्बेल यांची 'ब्लूबर्ड के-७' ही नौका हवेत उलटून ते मृत्यू पावले. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी केन वॉर्बी यांनी ऑस्ट्रेलियातील ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी ५११ किलोमीटरांचा विक्रम केला, तोही लाटांवर नव्हे, तर शक्य तितक्या शांत पाण्यावर. खेळात मात्र मोठ्या लाटा हव्या असतात आणि मोठा वेगही हवा असतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या पाण्यावर एकत्र नांदत नाहीत.

म्हणून निर्मात्यास हेतुपूर्वक असत्याचा आश्रय करावा लागतो. लाटा वास्तवाहून लांब करावयाच्या, नौका हवेत असताना तिचे नाक हळूच सरळ करावयाचे, पाण्यावर पुन्हा पडताना आदळण्याचे बल कमी करावयाचे, आणि हे सर्व खेळणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही. मार्ग दाखविण्याचाही प्रश्न आहे. पाण्यास कडा नसतात, पट्टे नसतात. उघड्या उपसागरात खेळणाऱ्याने कोठे जावे, हे त्यास उमगत नाही. मिडवे कंपनीच्या १९९९ सालच्या 'हायड्रो थंडर' या खेळात वेग वाढविणाऱ्या वस्तू पाण्यावर मांडलेल्या असत. त्या गोळा करीत गेल्याने नौकेस बळ मिळे आणि त्यांच्या रांगेमुळे वाटही आपोआप दिसे. बक्षिसालाच वाटाड्या करण्याची ही युक्ती होय.

अशा तडजोडी सूत्राने निघत नाहीत. त्यांसाठी एकच वळण, एकच उडी शेकडो वेळा खेळून पाहावी लागते, आकडे किंचित बदलावे लागतात, आणि पुन्हा खेळावे लागते. निर्मात्यांच्या दिवसाचा मोठा भाग या पुनरावृत्तीत जातो. बाहेरच्या माणसास तो खेळ वाटतो. वस्तुतः ती सुताराने रंध्याने फळी तासावी तशी तासणी असते. तिच्यातून जे ज्ञान उत्पन्न होते, ते लिहून ठेवणे कठीण असते. कोणत्या वेगास किती लांबीची लाट सुखकर होते, नौका वळताना पाण्याने किती अडवावे, हे आकड्यांनी सांगता येते खरे. परंतु दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या नौकेसाठी तेच आकडे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ती आकडे कसे शोधावेत याची जाण, आणि ती माणसाजवळच असते.

अनेकांनी जाळ्यावरून एकत्र खेळावयाचे असल्यास तडजोडीचा आणखी एक प्रकार करावा लागतो. वर सांगितलेल्या जाळीतील प्रत्येक उंचीस चार बाइट धरले आणि ती सेकंदास ३० वेळा दुसऱ्या यंत्राकडे पाठविली, तर सेकंदास १९,६६,०८० बाइट धाडावे लागतील. याउलट आठ नौकांची स्थाने, दिशा आणि वेग पाठविण्यास, प्रत्येकी सुमारे ४० बाइट धरून, ९,६०० बाइट पुरतात. म्हणून सामान्यतः नौकांचीच वार्ता पाठवितात, आणि पाणी प्रत्येक यंत्र आपापले काढते. मोठ्या लाटा कालावर अवलंबून असल्याने घड्याळे जुळली की त्याही जुळतात. लहान खळबळ मात्र प्रत्येकाच्या पडद्यावर किंचित वेगळी असते. वार्ता पोहोचण्यास दशांश सेकंद लागला, तर तेवढ्यात नौका पाच मीटर पुढे गेलेली असते. शेजारी बसून न खेळणाऱ्या दोघांनी पाहिलेले पाणी, अशा रीतीने, सर्वस्वी एक नसते. ते एक आहे असा भास टिकविणे एवढेच निर्मात्यांच्या हाती असते.

४. कामाची वाटणी आणि कालमान

या व्यवसायातील कामाचे स्थूलमानाने चार भाग पडतात : आज्ञावली लिहिणारे, चित्रे व आकृती घडविणारे, खेळाचा मार्ग व नियम ठरविणारे, आणि परीक्षक. मोटारीच्या खेळात हे भाग बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे काम करू शकतात. मार्ग आखणारा रस्ता आखतो, आज्ञावलीकार मोटार चालवितो. पाण्याच्या खेळात मार्ग हाच आज्ञावलीचा विषय असल्याने ही सीमारेषा पुसट होते. चित्रकाराने धबधबा दोन मीटर उंच केला की नौकेची उडी बदलते. आज्ञावलीकाराने प्रतिरोधाचा एक अंक बदलला की सर्व मार्गांवरील सर्व उड्या बदलतात. म्हणून अशा खेळात पाण्याचे गणित लवकर निश्चित करणे अत्यावश्यक असते. आणि ते लवकर निश्चित करणे कठीणही असते, कारण ते बरे की वाईट हे मार्ग तयार झाल्यावाचून कळत नाही. हा पेच अनुभवी माणसेच सोडवू शकतात. लहान गटात एकमेकांच्या शेजारी बसणाऱ्या दोघांतिघांनी हे काम करणे सोयीचे पडते, त्याचे कारण हेच.

आर्थिक व्यवहाराचे कालमान याहून निराळे असते. निर्माता स्टुडिओ आणि प्रकाशक कंपनी यांच्यातील करारात काम टप्प्यांत विभागलेले असते. ठरलेल्या दिवशी ठरलेला टप्पा दाखविला म्हणजे ठरलेली रक्कम मिळते. टप्पा चुकला, तर पगार अडतात. शेवटी यंत्राचा मालक स्वतःचे परीक्षण करतो. त्यात दोष आढळल्यास खेळ परत येतो. पाण्याचे काम टप्प्यांत बसविणे अवघड असते. तीन महिने त्यात दाखविण्यासारखे काहीच नसते, आणि एके दिवशी ते अकस्मात जमून येते. करारास असा अकस्मातपणा ठाऊक नसतो. शिल्लक राहिलेले काम अखेरच्या महिन्यांत रात्रीचा दिवस करून भरून काढण्याची जी प्रथा या धंद्यात पडली, तिच्या मुळाशी असे विसंवाद आहेत.

ही प्रथा किती दूरवर गेली होती, याचे दर्शन २००४ साली घडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदारिणीने निनावी पत्र प्रसिद्ध केले. आठवड्याचे सातही दिवस चालणाऱ्या विनामोबदला जादा कामाची हकीकत त्यात होती. कंपनीतील चित्रकारांनी जादा कामाच्या वेतनासाठी लावलेला सामूहिक दावा २००५ साली १ कोटी ५६ लाख डॉलरांवर मिटला, आणि आज्ञावलीकारांचा दावा २००६ साली १ कोटी ४९ लाख डॉलरांवर. हे प्रकरण जलशर्यतीच्या खेळांचे नव्हे. परंतु ते सर्व धंद्याच्या परिस्थितीचे निदर्शक आहे. खेळनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ सालीच केलेल्या पाहणीत ३४.३ टक्के निर्मात्यांनी पाच वर्षांत, आणि ५१.२ टक्क्यांनी दहा वर्षांत, हा धंदा सोडण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. ज्या शाखेत ज्ञान लेखी नसून व्यक्तिनिष्ठ असते, त्या शाखेत अशा निर्गमनाचा अर्थ अधिक गंभीर होतो. माणूस गेला की त्याच्याबरोबर पाणी हाताळण्याची रीतही जाते, आणि पुढच्या गटास आरंभापासून आरंभ करावा लागतो.

५. ज्ञानाचा प्रवास आणि नावाचा प्रवास

आता काही प्रत्यक्ष उदाहरणे पाहावयाची. पहिले उदाहरण जपानमधील निन्टेन्डो कंपनीचे. 'वेव्ह रेस ६४' हा तिचा खेळ सप्टेंबर १९९६ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. प्रारंभीच्या आराखड्यात त्यात वेगनौका होत्या. पुढे त्यांच्या जागी एका माणसाने चालवावयाच्या जेट-स्की आल्या. त्यामुळे स्वाराचे शरीर लाटेबरोबर झुकताना दाखविता आले, आणि पाण्याची हालचाल खेळणाऱ्यास अधिक निकटची वाटू लागली. ज्या यंत्रावर हा खेळ चाले, त्याची स्मरणशक्ती अवघी ४ मेगाबाइट होती. तेवढ्या सामग्रीत हलत्या पृष्ठभागाचे पाणी उभे करणे ही त्या काळी मोठीच सिद्धी होती. २००१ साली 'वेव्ह रेस : ब्लू स्टॉर्म' हा पुढील खेळ आला, तो कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने घडविला. येथे नाव आणि मालकी एकाच घरी राहिली. हात मात्र बदलले.

दुसरे उदाहरण 'हायड्रो थंडर'चे. हा खेळ प्रथम नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात, आसन, चाक आणि गतीचा दांडा यांसह, १९९९ साली आला. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व स्टीव्ह रँक यांनी केले. त्याच वर्षी सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या घरगुती यंत्राबरोबरही तो अमेरिकेत विक्रीस आला. परंतु २००१ साली मिडवे कंपनीने नाण्याच्या यंत्रांचा धंदाच बंद केला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी तिची बहुतेक मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतली.

तिसऱ्या उदाहरणाचा आरंभ कॅलिफोर्नियातील स्टॉर्मफ्रंट स्टुडिओमध्ये होतो. या स्टुडिओने 'ब्लड वेक' हा सशस्त्र वेगनौकांचा खेळ रचला, आणि तो डिसेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्या यंत्राची स्मरणशक्ती ६४ मेगाबाइट होती. शर्यत हा त्या खेळाचा मुख्य विषय नव्हता. तथापि उसळत्या पाण्यावर वेगनौका चालविण्याचे ज्ञान त्यातून त्याच्या कर्त्यांजवळ साठले. स्टॉर्मफ्रंट स्टुडिओ मार्च २००८ च्या अखेरीस बंद पडला. 'ब्लड वेक'वर काम केलेले राल्फ क्नोजेल आणि मॅट स्मॉल यांनी त्याआधीच, २००७ साली, व्हेक्टर युनिट हा स्वतःचा लहान स्टुडिओ स्थापन केला होता. त्यांनी नौकांच्या शर्यतीचा एक आद्य नमुना तयार करून मायक्रोसॉफ्टला दाखविला. मायक्रोसॉफ्टला तो पसंत पडला, आणि त्यास 'हायड्रो थंडर' हे जुने, लोकांच्या ओळखीचे नाव द्यावे म्हणून तिने मिडवेशी बोलणे केले. अशा रीतीने २८ जुलै २०१० रोजी एक्सबॉक्स ३६० या ५१२ मेगाबाइट स्मरणशक्तीच्या यंत्रासाठी 'हायड्रो थंडर हरिकेन' प्रसिद्ध झाला. जाळ्यावरून उतरवून घ्यावयाच्या लहान खेळांचे दुकान त्या यंत्रावर होते. मोठ्या कारखानदारीवाचून असा खेळ बाजारात आणणे त्यामुळेच शक्य झाले.

याच सुमारास मूळ 'हायड्रो थंडर'चे स्टीव्ह रँक यांनीही जलशर्यतीचा दुसरा खेळ रचला होता. त्यांच्या स्पेक्युलर इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा 'एच-टू-ओव्हरड्राइव्ह' २००९ साली नाण्याच्या यंत्रात आला; त्याचे प्रकाशन रॉ थ्रिल्स या कंपनीने केले. आसन, दांडा, वेगवृद्धीच्या वस्तू, अचाट उड्या, सर्व काही जुन्या खेळाच्या वंशातले होते. नाव तेवढे नव्हते.

२००९ आणि २०१० या लागोपाठच्या दोन वर्षांतील हे दोन खेळ शेजारी ठेवले, म्हणजे लेखाच्या आरंभी मांडलेला मुद्दा स्पष्ट होतो. ज्यांनी मूळ खेळ घडविला, त्यांच्या नव्या खेळास जुने नाव नव्हते. ज्यांच्या खेळास जुने नाव लाभले, त्यांनी मूळ खेळ घडविला नव्हता. त्यांचे ज्ञान दुसऱ्याच, बंद पडलेल्या घराण्यातून आले होते. यात कोणी कोणाचे काही हिरावून घेतले, असे म्हणता येणार नाही. नाव ही मिडवेची कायदेशीर मालमत्ता होती आणि तिचा व्यवहार रीतसर झाला. दोन्ही खेळ आपापल्या परीने कुशल माणसांचे होते. परंतु खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहता वंशावळ नावावरून ठरते, आणि श्रमाच्या दृष्टीने पाहता ती माणसांवरून ठरते. या दोन वंशावळी येथे पूर्णपणे भिन्न आहेत.

व्हेक्टर युनिटचे पुढील आचरण या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. २०११ साली त्यांनी अँड्रॉइड उपकरणांसाठी 'रिपटाइड जीपी' हा जलयानांच्या शर्यतीचा खेळ काढला. २०१३ साली त्याचा दुसरा आणि २०१६ साली 'रेनेगेड' हा तिसरा भाग आला. पाण्याचे ज्ञान तेच, पण आता नावही स्वतःचे. दुसऱ्याचे प्रसिद्ध नाव मिळाल्याने ग्राहक आयता मिळतो, मात्र पुढचा भाग काढावा की नाही हे दुसराच ठरवितो. स्वतःचे नाव आरंभी कोणास ठाऊक नसते, परंतु त्याचा पुढील भाग काढण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. या स्वातंत्र्याची किंमतही असते : प्रकाशक करीत असलेली प्रसिद्धी, परीक्षण, ग्राहकांच्या तक्रारींची दखल, अनेकविध उपकरणांशी जुळवून घेणे, ही सर्व कामे त्याच मोजक्या माणसांवर येतात. पाण्याची तासणी करावयाचे तास त्यातूनच काढावे लागतात.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वेगनौकांच्या खेळात मार्ग चल असल्याने आज्ञावली, चित्रकला आणि आराखडा ही कामे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. त्यामुळे लहान व दीर्घकाळ एकत्र राहिलेला गट येथे मोठ्या पण अस्थिर गटापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो. दुसरी, या कामातील निर्णायक ज्ञान प्रसिद्ध सूत्रांत नाही. गेर्स्टनरची लाट आणि आर्किमिडीजचे तत्त्व सर्वांना मोकळे आहे. खेळण्याजोगे पाणी कसे साधावे ही जाण मात्र अनुभवातून येते आणि व्यक्तीबरोबर जाते. तिसरी, या जाणिवेस कायद्याने मालमत्ता म्हणून नाव नाही. खेळाचे शीर्षक विकता येते, गहाण टाकता येते, दिवाळखोरीत लिलावास काढता येते. कारागिराचा हात यांपैकी कशासही पात्र नसतो. त्यामुळे त्या हातावर कोणाचा ताबा नसतो, आणि त्यास कोणाचा आधारही नसतो.

या धंद्यातील श्रमाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी, म्हणून, खेळांच्या याद्या शीर्षकांनुसार न लावता कर्त्यांनुसार लावून पाहिल्या पाहिजेत. प्रत्येक खेळाच्या अखेरीस येणारी श्रेयनामावली हे त्यासाठी सहज उपलब्ध असणारे साधन आहे. 'ब्लड वेक' आणि 'रिपटाइड जीपी' ही दोन नावे बाजाराच्या यादीत एकमेकांपासून फार दूर पडतात. श्रेयनामावलीच्या आधारे ती एकाच प्रवाहात आणता येतात. स्टुडिओ बंद पडल्यानंतर त्यातील ज्ञानाचे काय होते, कोणते गट एकत्र राहतात आणि कोणते विखुरतात, हा प्रश्न इतर शाखांविषयीही विचारता येण्यासारखा आहे. जलशर्यतीची शाखा लहान असल्यामुळे तो येथे आधी आणि पुष्कळशा स्पष्टपणे नजरेस येतो, एवढेच.